लाट गुडघ्याएवढी, अंतर पंधरा सेकंद

२ सप्टेंबर, मंगळवार

लाट घोट्याएवढी. खारा वारा सकाळी सातपासूनच सुटलेला. पाणी गढूळ, चहासारखं — चहाला निदान चव तरी असते.

आज सलग नववा दिवस. फळ्यावर नवीन काय लिहायचं? परवा लिहिलं "बदल नाही". काल लिहिलं "फारसा बदल नाही". आज खडू हातात घेऊन पाच मिनिटं उभी राहिले आणि लिहिलं, "तसंच". दादा शेडमधून बोर्ड बाहेर काढत होता. वाचून म्हणाला, "हा लाटांचा अंदाज आहे की दुखवट्याचा निरोप?"

हसू यायला हवं होतं. राग आला. सर्फिंगची शाळा त्याची, शेड त्याची, भिंतीवरचा फळाही त्याचा. अंदाज तेवढा माझा. वेधशाळेत कंत्राटावर होते ती चार वर्षं माझ्या नोंदी कुठल्या कुठे जायच्या. कंत्राट संपलं, पुन्हा बोलावलं नाही. आता माझ्या नोंदी जातात शेडच्या भिंतीपर्यंत, आणि फोनवरच्या यादीतल्या दोनशे बारा लोकांपर्यंत. दुपारी एकपासून चष्म्याचं दुकान. "ही ओळ वाचता येते? आणि ही?" लोकांना दिसतंय की नाही हेच विचारण्यात दिवस जातो.

३ सप्टेंबर, बुधवार

घोटा. खारा वारा. तसंच.

४ सप्टेंबर, गुरुवार

दादाचा रविवार जवळ आला. नवशिक्यांचा मेळावा — पहिलाच. अडतीस नावं आली आहेत. दहा दिवस झाले, त्याच्या तोंडी दुसरा विषय नाही.

"रविवारचं काय?"

"घोट्याएवढी."

"नीट बघ."

"बघितलं."

"परत बघ."

परत बघितलं. आकडे काय, परत बघितले म्हणून लाजून वाढतात थोडेच? आमचा किनारा म्हणजे नुसती वाळू. खडक नाही, काही नाही. पाण्याखाली वाळूची पट्टी जिथे साचली असेल तिथे लाट फुटते, आणि पट्टी दर पंधरवड्याला जागा बदलते. चांगल्या लाटा पलीकडच्या टोकाला जातात. आम्हाला मिळतं ते उरलंसुरलं. ते मी दादाला आठ वर्षं सांगतेय.

वहिनी नोंदवही लिहिता लिहिता म्हणाली, "तुम्ही बहीणभाऊ असेच भांडत राहा. समुद्रच कंटाळून दोन लाटा पाठवून देईल."

६ सप्टेंबर, शनिवार

आज जे केलं ते इथे तरी खरं लिहायला हवं.

सकाळी फळ्यापाशी गेले तर दादा आधीच उभा. खडू त्याच्या हातात. म्हणाला, "कमरेएवढी लिही."

मी म्हटलं, वेड लागलंय का तुला.

"बरं, मांडीएवढी तरी."

भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसा. मी खडू मागितला. त्याने दिला नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या लोक आले नाहीत तर ही जागा पुढच्या वर्षी आपल्याकडे राहत नाही. किनाऱ्याच्या कार्यालयातून सरळ सांगितलंय — वापर दाखवा, नाहीतर सोडा."

मला हे माहीतच नव्हतं. वहिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. म्हणजे तिला माहीत होतं.

मी खडू घेतला आणि लिहिलं — "उद्या मांडी ते कंबर. पहाटेपासून मतलई वारा, पाणी गुळगुळीत." मग तेच फोनवर, यादीतल्या सगळ्यांना. अक्षर छान आलं. खोटं लिहिताना माझं अक्षर इतकं सुबक येतं हे माहीत नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार

एक्केचाळीस माणसं आली. लाट आली नाही.

घोटासुद्धा नाही. पाणी नुसतं वाळूला चाटून मागे जात होतं. दादाने तीन तास वाळूवरच पोटावर झोपवून, उठवून, परत झोपवून सराव घेतला. अकरा वाजता एक जण ओरडला, "ताई, कंबर कुणाची धरली होती? मुंगीची?" सगळे हसले. मीही हसले. तेच जास्त लागलं.

टपालकाकाही आले होते. निवृत्त पोस्टमन, वय चौसष्ट, निवृत्त झाल्यावर इथे येऊन सर्फिंग शिकले. दीड तास बसने येतात. बोर्ड आमच्या शेडमध्येच ठेवतात. आज बोर्ड बाहेर काढला, तासभर त्याच्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत बसले. मग न भिजलेला बोर्ड सवयीने नळाखाली धुतला, पुसला, जागेवर ठेवला. जाताना मला विचारलं, "उद्याचं काय म्हणता, ताई?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

८ सप्टेंबर, सोमवार

यादीतून सतरा जण गेले. दादा माझ्याकडे बघत नाही, मी त्याच्याकडे बघत नाही. फळ्यावर "घोट्याएवढी" लिहिलं. दुपारपर्यंत त्याच्यापुढे कुणीतरी लिहून ठेवलं होतं — "नक्की?"

१० सप्टेंबर, बुधवार

घोटा. चष्मेवाले आज म्हणाले, "बाई, तुमचंच हवामान हल्ली बिघडलेलं असतं. गिऱ्हाइकाशी जरा गोड बोला." चुकीच्या डोळ्याला चुकीचं भिंग लावलं मी आज. दोनदा. एवढे दिवस सपाट पाण्याकडे बघून माणसाचं डोकंही सपाट होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी समुद्रात लाटा मोजत तरंगणाऱ्या बोयाचे आकडे बघितले. उंची जेमतेम वाढलेली, अर्धा मीटर. पण दोन लाटांमधलं अंतर — कालपर्यंत सात सेकंद, आज पंधरा.

उंचीचा आकडा बघून कुणी ढुंकून बघणार नाही. पण पंधरा सेकंद म्हणजे लाट फार लांबून आलेली, कुठल्यातरी दूरच्या वादळातून, खोलवर ताकद घेऊन. ती खोल पाण्यात दिसत नाही. वाळूची पट्टी लागली की एकदम उभी राहते. आणि सतत येत नाही. वीस-पंचवीस मिनिटं शांत, मग एकामागून एक चार-पाच. वेधशाळेत पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं हे.

ओहोटीला जाऊन बघून आले. पट्टी आता दगडी पायऱ्यांसमोर सरकली आहे, आणि तिच्या शेजारी खोल घळ पडली आहे. फुटलेलं पाणी तिथूनच परत आत ओढणार.

दादाला सांगितलं. रविवारनंतर पहिल्यांदाच धड बोललो.

"उंची किती?"

"आकड्यात गुडघा. पण अंतर पंधरा —"

"मग गुडघा लिही."

"दादा, ऐक. पंधरा सेकंद आहेत. किनाऱ्यावर छातीपर्यंत जाईल."

"रविवारी कंबर लिहिलीस, घोटा निघाला. आता छाती लिहून परत हसं करून घ्यायचंय? उद्या सहा जणांचा वर्ग आहे. तेवढाच उरलाय. घाबरवू नकोस त्यांना. अंतरबिंतर काही लिहू नकोस."

ती कंबर कुणी लिहायला लावली, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली. परत चुकले तर? परत "नक्की?" लिहिलं कुणी तर?

लिहिलं — "उद्या गुडघ्याएवढी. फारसा बदल नाही."

फळ्यावर खाली भरपूर जागा होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

घडलं तसं क्रमाने लिहिते.

टपालकाका पहिल्या बसने आले. सहा चाळीसला पाण्यात उतरले, एकटेच. मी शेडच्या दारात होते. पाणी काचेसारखं. मतलई वारा. वीस मिनिटं काहीच नाही. मला वाटलं, चला, चुकलेच मी, बरं झालं. हे वाटलं मला.

मग चार लाटा आल्या. पहिली छातीएवढी. काका तिच्यावरून कसेबसे पलीकडे गेले. दुसरी थेट पट्टीवर, त्यांच्या डोक्यावर फुटली. बोर्ड एकटाच हवेत उडालेला दिसला. बोर्ड पायाला बांधणारी दोरी तुटली होती. ते वर आले ते घळीत. एक हात वर. दुसरा हात वर येत नव्हता. आणि आत आत चाललेले.

दादाने माझ्याआधी पाहिलं. एक बोर्ड उचलून कपड्यांनिशीच धावला. मी रुग्णवाहिकेला फोन केला, लाल झेंडा लावला, वर्गाच्या सहा जणांना पाण्यापासून लांब केलं. मग नुसती उभी. दादाने ओढीशी झटापट केली नाही. तिच्याबरोबरच बाहेर गेला, काकांना बोर्डवर घेतलं, लांबून वळसा घालून परत आणलं. एकोणीस मिनिटं. काकांचा चेहरा राखेसारखा. खांदा भलत्याच जागी. खोकत होते, म्हणजे श्वास होता.

रुग्णवाहिका गेल्यावर समुद्राकडे पाहिलं. वर्षभरातल्या सगळ्यात सुंदर लाटा येत होत्या. एकेक नीट, गुळगुळीत, वेळेवर.

१३ सप्टेंबर, शनिवार

हॉस्पिटलला गेले. खांदा बसवला आहे. फुप्फुसात पाणी गेलं म्हणून आणखी दोन-तीन दिवस ठेवणार.

काकू बाहेर बाकावर होत्या. मला ओळखलं — फोटोवरून म्हणे. जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "रोज तुमचा निरोप मोठ्याने वाचून दाखवतात मला. मला त्यातलं काय कळतंय? पण ऐकते. परवाही वाचला. पाऊस येईलसं वाटत होतं, म्हणून ते जाऊ की नको करत होते. मीच म्हटलं, जा, गुडघाच तर आहे."

मला आत जाता आलं नाही. पाणी आणते म्हणाले आणि जिना उतरून घरी आले.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळे मला समजावतायत. चष्मेवाले — "अंदाज तो अंदाज." वहिनी — "तुम्ही का जिवाला लावून घेताय?" शेजारच्या बोर्डदुरुस्तीवाल्याने तर खांदा थोपटला, "समुद्राचं कोण सांगणार, ताई?"

मी सांगणार होते. तेवढंच तर येतं मला. दिसलं होतं आणि गप्प बसले. याला अंदाज चुकणं म्हणत नाहीत. आणि कुणी रागावतही नाही. एकाने तरी रागवावं.

संध्याकाळी दादाला म्हटलं, मी खरं काय ते फळ्यावर लिहिणार आहे.

तो बोर्डाच्या दोरीची गाठ सोडवत होता. "काय लिहिणार? मी सांगितलं म्हणून?"

"तुझं नाव नाही. माझं."

"कुणाचंही लिही. शाळा बंद पडेल, एवढं समजून लिही." आणि निघून गेला. गाठ तशीच.

त्याने काकांना बाहेर काढलं. माझ्याच्याने ते झालं नसतं. म्हणून त्याच्यावर नीट चिडताही येत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला आणि लिहिलं. इथे उतरवून ठेवते:

"गुरुवारी मी 'गुडघ्याएवढी, फारसा बदल नाही' असं लिहिलं. ते अर्धवट होतं. दोन लाटांमधलं अंतर पंधरा सेकंद झालेलं मला सकाळीच दिसलं होतं. अशी लाट इथे छातीपर्यंत उठते, हे मला माहीत होतं. पायऱ्यांसमोरची घळही पाहिली होती. पुन्हा हसं होईल या भीतीने मी लिहिलं नाही. त्याआधी रविवारसाठी लिहिलेली 'कंबर' खोटी होती. आकड्यांत घोटाच होता. — अंदाज लिहिणारी."

तेच फोनवर पाठवलं. दादाने लांबूनच वाचलं, आत गेला, शेडचं दार ओढून घेतलं. दुपारपर्यंत सहापैकी चार जणांनी वर्ग सोडला. वहिनी चहा घेऊन आली, कप माझ्याजवळ ठेवला आणि बाजूला बसून राहिली.

दुकानातून लवकर निघून हॉस्पिटलला गेले. या वेळी आत गेले. काकूंनी त्यांना निरोप वाचून दाखवला होता. काका उशीला टेकून बसलेले, हात गळ्यात बांधलेला.

"मी रागावलोय तुमच्यावर," म्हणाले.

"हो, काका."

"तीन वर्षं मी समुद्राकडे न बघता उतरलो. तुमचं वाचलं, की झालं. बसमध्येच कपडे बदलायच्या तयारीत असायचो." थांबले. खोकले. "आता उतरेन की नाही, माहीत नाही. उतरलोच, तर आधी अर्धा तास स्वतः बघेन. मग तुमचं वाचेन."

काकू म्हणाल्या, "अहो, पुरे." ते म्हणाले, "पुरे काय, बोलू दे मला."

बोलू दिलं. बराच वेळ बोलले. मी सगळं ऐकून घेतलं. परतताना रडले, पण चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी फळा पुसायला गेले. माझ्या मजकुराखाली दादाच्या तिरक्या अक्षरात, "सेकंद" चुकीचा लिहून — "पंधरा सेंकद तिने मला सांगितले होते. लिहू नको असं मी म्हणालो. कंबरही मीच लिहायला लावली." खाली त्याचं पूर्ण नाव. खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलेलं.