चार बोटांची उंची

प्रिय मामा,

हे पत्र मी टाळत होतो, हे आधी कबूल करतो. दसरा झाल्यावर तुम्ही गेलात. दिवाळी गेली, संक्रांत गेली, औंधला यमाईची जत्रा झाली, आता शिमगा तोंडावर आलाय. गेलेल्या माणसाच्या पत्रावर पत्ता काय घालायचा, असं म्हणून मी अंग काढून घेत होतो. पण पत्त्याचं कारण खोटंच. विचारायचं होतं ते विचारायला मन धजत नव्हतं.

आज इलाज नाही. तुमची लॉरी सांगलीत बाबालाल मिस्त्रीच्या आवारात जॅकवर उभी आहे. मागची चाकं काढून भिंतीला टेकवून ठेवलीत. मिस्त्री जेवायला घरी गेलाय. जाताना म्हणाला, "सदा, म्या येस्तोवर काय त्ये ठरीव. व्हय म्हनलास तर सांजच्याला गाडी चार बोटं उंच करून देतो. न्हाई म्हनलास तर चाकं चढीवतो, जा घेऊन." मी केबिनमधे तुमच्या जागेवर बसून लिहितोय. इथं बसलं की अजून पाठ आपोआप ताठ होते. तुम्ही मागून टपली माराल असं वाटतं.

तर प्रश्न हा, की गाडी उंच करायची का नाही? आणि त्याच्या पोटात दुसरा. तुम्ही कधी त्याला 'व्हय' म्हणाला होता का? कारण मिस्त्री म्हणतो, म्हणाला होता. मला ते पटत नाही.

मामीला विचारलं. ती चुलीपुढून उठली सुद्धा नाही. म्हणाली, "मला काय इचारतूस? तुज्या मामाला इचार." म्हणून विचारतोय. गाडी तिची, तिचं पोट गाडीवर, आणि ती म्हणते मामाला विचार. हे तरी सरळ आहे का?

तुम्ही लढाईवरून आलात, मिलिटरीच्या लिलावातली ही हिरवी लॉरी घेऊन गावात शिरलात, तो दिवस मला आठवतो. मी तेव्हा पाचगणीला साहेब लोकांच्या मोटारी धूत होतो आणि नेमका दोन दिवसांसाठी घरी आलो होतो. पाचगणीला एक म्हातारी मडम होती, तिच्या मोटारीत मागच्या गादीवर कुत्र्यासाठी वेगळी उशी असायची. ती उशी मला रोज उन्हात घालावी लागे. एकदा माकडानं ती पळवली आणि माझी नोकरी गेली. पण ते राहू दे. सांगत होतो लॉरीचं. तुम्ही हॉर्न वाजवला आणि अख्खी आळी बाहेर आली. मामी मात्र आलीच नाही. दारातून बघून म्हणाली, "येवढी बुटकी? पोट घासंल की ही आपल्या रस्त्याला."

तेव्हा तुम्ही किती हसला होता. आता वाटतं, हसायला नको होतं.

बाबालालनं पहिल्यांदा विषय काढला तेव्हा मी तिथंच नट धुवत बसलो होतो. तो म्हणाला, "आवं ड्रायव्हर, स्प्रिंगच्या पाट्याला दोन पानं वाढवू, पाटा आन् चाकाचा आस ह्यांच्या मदी लोखंडी ठोकळा घालू. गाडी चार बोटं उचलंल. येरळा नदीच्या वाळूत मग चिंता न्हाई."

तुम्ही तोंडातली विडी न काढता बोललात. "बाबालाल, तू कवा इटलीच्या डोंगरात गेलायस?"

"म्या मिरजंच्या म्होरं गेलो न्हाई."

"मग ऐक. उंच केलेल्या गाड्या म्या वळनावर पालथ्या पडल्याल्या बघितल्यात. आपल्या गाडीत गुळाच्या ढेपा माथ्याइतक्या, त्याच्यावर बाजारच्या बाया. असल्या उंच गाड्या डोक्यात जड व्हत्यात. आन् वाळूचं मला शिकवू नगंस. लढाईत मिसरच्या वाळवंटात दोन वर्सं काढल्यात. वाळूला उंची लागत न्हाई, चाकातली हवा कमी करायची, पसरट चाक वाळूवर तरंगतं."

"मिसरच्या वाळूखाली पानी व्हतं का?" मिस्त्रीनं विचारलं.

तुम्ही माझ्याकडं वळलात. मला म्हणालात, "नट नीट पूस."

मामा, त्या वेळी उत्तर का दिलं नाही? तुमच्याकडे उत्तर नव्हतं, का मिस्त्रीपुढं द्यायचं नव्हतं?

मग परतीच्या पावसातला तो दिवस आला. नदीपलीकडून गूळ भरून येत होतो. पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं. तुम्ही काठावर उतरून चारी चाकांतली हवा सोडलीत, मिसरला सोडत होता तशी, आणि गाडी पात्रात घातलीत. निम्म्यात गेल्यावर वाळू बसली. मागच्या आसाच्या मधला तो लोखंडी गोळा आहे ना, तो वाळूत नांगरासारखा घुसला. चाकं नुसती फिरत राहिली. हवा सोडल्यामुळं गाडी आणखी दोन बोटं खाली बसली होती, हे मला फार नंतर कळलं. तुम्हाला तिथंच कळलं असणार. कारण तुम्ही लगेच इंजिन बंद करून पाटी घेऊन खाली उतरलात.

"तू बैलं घेऊन ये. म्या वाळू काढतो," म्हणालात. मी तीन गावं पालथी घातली. सुगीचे दिवस, बैल कोण देतो? दिवस कलायला लागला तेव्हा चार जोड्या घेऊन आलो. तुम्ही पाण्यात पालथे झोपून पाटीनं वाळू काढत होता. ओठ काळेनिळे. बैलांनी गाडी ओढली, गूळ पाघळून निम्मा नदीत गेला, आणि तुमची छाती भरली ती भरलीच. आठवडाभर ताप. एवढी लढाई करून आलेला माणूस गुडघाभर पाण्यात गेला. हे मला कुणाला सांगायलाही लाज वाटते. तुमची नाही. नदीची.

आता खरी गोष्ट ऐका. तुम्ही तिथं नव्हता, म्हणजे होता, पण कुठं होता ते तुम्हीच सांगा.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर ओळीनं बसलेले, एक खाली येईना. भावकीतले एकेक हात जोडून बोलायला लागले. कुणी म्हणालं, मामीला अंतर देणार नाही. कुणी म्हणालं, शेताचा बांध सरळ करू. मला पुढं ढकललं. मी म्हणालो, मामा, मी आता भटकणार नाही, गाडीवरच राहीन. कावळ्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि तोंड फिरवलं. लोक हसले. तुमच्या दहाव्याला लोक हसले, मामा, आणि मला बरं वाटलं.

ऊन डोक्यावर आलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेताला आले. तेवढ्यात लांब बाभळीखाली टोपी हातात घेऊन उभा असलेला बाबालाल मिस्त्री मोठ्यानं बोलला, "ड्रायव्हर, गाडी उंच करतो. जावा आता."

आणि कावळा खाली आला.

गावाचं तिथंच ठरलं. मेलेल्या माणसाची इच्छा गाडी उंच करायची. त्या दिवसापासून जो भेटेल तो विचारतो, "काय सदा, केलीस का रं गाडी उंच? मामाला किती दिस ताटकळत ठेवनार?" पारावर बसणारी म्हातारी सुद्धा पाट्यांविषयी बोलायला लागलीत.

मी मात्र तेव्हाच संशय घेतला. मिस्त्रीनं कारखाना बंद ठेवून पहिल्या गाडीनं आपल्या गावी यावं, आणि नेमकं तेच बोलावं? मी त्याच्या पिशवीजवळ मुद्दाम जाऊन बसलो. वाटलं सुकट असेल, कावळ्याला वास गेला असेल. वास घेतला. नुसता तेलाचा आला. मग वाटलं, त्यानं हात हलवला असेल, खडा मारून उडवला असेल. शेजारी उभ्या असलेल्या रामोश्याला विचारलं. तो म्हणाला, "तुला येड लागलंय. कावळ्याला भूक लागली, आला." हे खरं असेल, तर मग तुमची इच्छा कुठं राहिली? आणि खोटं असेल, तर तुम्ही मला, सख्ख्या भाच्याला, सोडून मिस्त्रीचं ऐकलंत?

तरी मी म्हटलं, कावळ्याचं कावळ्यापाशी. मिस्त्रीला सरळ विचारू. आज सकाळी विचारलं, "मामा तुला कधी म्हणाला?"

"आजारी व्हता तवा. म्या भेटाया आलतो न्हाई का?"

"तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं."

मिस्त्री पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी त्याच्या आदी. हरिपुरात. हळदीच्या पेवापाशी उबं राहून म्हनला."

हरिपूरला तुमच्याबरोबर मी नेहमी असायचो, मामा. जमिनीतलं पेव उघडल्यावर आत माणूस उतरवायच्या आधी कंदील सोडतात, कंदील विझला तर हवा वाईट. ते बघायला मी नेहमी पुढं. तुम्ही पेवापाशी पाट्यांविषयी बोललात आणि मला ऐकू आलं नाही, असं होईल का? तो कंदील बघण्यात माझं लक्ष असायचं, हे खरं. पण तरीही.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी काही लिहिलं नसतं. मिस्त्री गेल्यावर मी आवारात हिंडत होतो. बसून राहणं मला जमत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मागं भट्टीच्या आडोशाला गोणपाट होतं, ते उचललं. खाली पाट्याची पानं. तयार. भोकं पाडलेली, टोकं वळवलेली. आपल्या गाडीच्या पाट्याशी लावून बघितली, तंतोतंत बसली. आणि त्यांच्यावर गंज. हाताला लागणारा, लाल, एका पावसाळ्याचा गंज.

म्हणजे ही पानं आज घडवलेली नाहीत. तुम्ही होता तेव्हाची आहेत. तुम्ही तर त्याच्या तोंडावर नाही म्हणाला होता. मग कुणी सांगितलं? कुणी न सांगता मिस्त्री लोखंड तापवत नाही.

मला अडत्याचा संशय येतो. तुम्ही ज्याच्याकडं हळद टाकत होता तोच. परवा मला पान खिलवून म्हणाला, "सदा, गाडी उंच झाली म्हणजे सडकेनं कशाला यायचं? पात्रातून सरळ येत जा." पात्रातून आलं की संस्थानचा नाका चुकतो, हे मला कळत नाही असं त्याला वाटतं काय? हळदीच्या पोत्यांखाली मग कंट्रोलचं चोरटं धान्य येईल, आणि धरलं तर गाडी जाईल मामीची. मी त्याचं पान खाल्लं आणि हसलो. तुम्ही असता तर थुंकला असता.

त्यानंच पाटे आधी घडवून ठेवले असतील का? मिस्त्री आणि तो एकाच गल्लीतले. पण मग मिस्त्री मला 'न्हाई म्हनलास तर जा घेऊन' असं का म्हणेल? लबाडाला घाई असते. ह्याला घाई नाही. हेच मला जास्त संशयाचं वाटतं.

आणि तुमचाही संशय येतो, रागावू नका. तुम्ही मनातून कबूल झाला होता आणि माझ्यापुढं शब्द मागं घ्यायला जड गेलं, म्हणून मिस्त्रीला चोरून सांगितलंत का? आणि घडवून घेऊन बसवलेच नाहीत? तसं असेल तर मामा, ते पाटे इथं गोणपाटाखाली होते आणि तुम्ही तिथं पाण्यात पालथे पडून पाटीनं वाळू काढत होता. हा विचार आला की मला हा जॅक खाली सोडून कुठंतरी निघून जावंसं वाटतं. गोव्याला, बंगळुराला, कुठंही.

पण जाणार नाही. उद्यापासून पलीकडच्या गावांची हळद आणायची आहे. उंच केली तर घाटाच्या वळणावर भीती. नाही केली तर येरळेत. दोन्हीकडं मी चाकावर, आणि घरात मामी वाट बघत. तिनं एकदा बघितलीय.

म्हणून हा शब्द देतो. गाडी उंच केली तर ढेपांचा एक थर कमी भरीन आणि मालावर माणूस बसवणार नाही, बाजारच्या बायांनी शिव्या घातल्या तरी. आणि अडत्याला पात्रातून एक पोतं आणून देणार नाही. पण हे पाटे कुणाच्या सांगण्यावरून झाले ते कळल्याखेरीज मी मिस्त्रीला 'व्हय' म्हणणार नाही, मग कावळा रोज येऊन बसू दे.

थांबा. फाटकाशी टांगा आलाय. मिस्त्री परतला असेल.

मिस्त्री आहे, पण तो टांग्यामागून चालत येतोय, मान खाली घालून. टांग्यातून मामी उतरतेय. मामा, मामी! वर्ष फिरेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून पाण्याला सुद्धा न जाणारी आपली मामी, एकटी, सांगलीला. पदर डोक्यावरून पुढं ओढलाय. माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ गाडीपाशी गेली, जॅक बघितला, भिंतीची चाकं बघितली, आणि मिस्त्रीला म्हणाली,

"बाबालालभाऊ, आखाडात म्हायेराहून येताना म्या तुमाला पाटं सांगून गेलते. म्या सांगितलं त्ये मालकाला कळू देऊ नगा म्हनलं, गोडीगुलाबीनं बसवा म्हनलं. आज तरी बसवताय, का ह्या पोराला बी येरळंत धाडायचं हाय?"

मी उतरतो, मामा. पानं भट्टीजवळून उचलून आणायची आहेत, आणि ती जड आहेत.

तुमचा,
सदा