रविवारच्या कस्टर्डची अट

हा कागद मी किती दिवस टाळतेय. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर शेजारच्या खाटेवरची शिवणवाली तिच्या पळून गेलेल्या नवऱ्याची गोष्ट सांगायला लागली, आणि ती अर्धी सोडून उठणं बरं दिसत नव्हतं. आज दुपारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. सकाळी सर्जन रिपोर्टकडे बघत म्हणाले, "काही लिहून ठेवायचं असेल तर ठेवा." तेव्हा कुठे हात चालला.

तर मी, जिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणतात, डोकं ठिकाणावर असताना आणि मागे उभं राहून कोणी सांगत नसताना लिहून ठेवते, की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची वाट पुढीलप्रमाणे लावावी. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. केला असता तरी कुठल्या तरी बोटीवर विसरले असते.

कलम एक. माझी भाजी चिरायची सुरी फेरीबोटीवरच्या आचाऱ्याला द्यावी. त्याचा तिच्यावर पहिल्यापासून डोळा आहे. माझ्यावरही होता, पण सुरीवर जास्त. त्या बोटीच्या स्वयंपाकघरात कामाला होते, तिथे मी बरे दिवस काढले. ते असो.

कलम दोन. पोस्टात जे काही असेल ते शिवणवालीला. नर्स म्हणाली, जिला काही मिळणार तिची साक्ष चालत नाही. शिवणवाली लगेच म्हणाली, "मग पैसेच लिही बाई, सही काय करायचीय!"

कलम तीन. घर.

हे घर बाबांनी माझ्या नावावर केलं, हे मला ते गेल्यावर कळलं. त्यात सध्या आई, दादा आणि वहिनी राहतात. बाबांनी असं का केलं, हे आई अजून लोकांना विचारत फिरते. तिला माहीत आहे, तरी इथे लिहिते.

आमच्याकडे रविवारी कारखान्यातली एकटी माणसं पैसे देऊन जेवायला यायची. शेवटी पुडिंग. आईची पुडिंगं तिच्या आजीपासून चालत आलेली. एक फडक्यात बांधून वाफवलेलं, एक पावाच्या कापांचं, एक सफरचंदावर पीठ पसरून भाजलेलं. त्यांना हात लावायची मला बंदी होती. माझ्याकडे होतं वरून ओतायचं पिवळ्या पावडरीचं कस्टर्ड. "डब्यातून निघतं त्याला अक्कल लागत नाही," असं आई म्हणायची. बाबा माझ्या कानात सांगायचे, "हे कस्टर्ड नसतं तर तिच्या पुडिंगला छिन्नी-हातोडा लागला असता." माणसं कस्टर्ड दोनदा मागून घ्यायची आणि कौतुक पुडिंगचं करायची, कारण वाढायला आई उभी असायची.

कस्टर्ड जरा निवलं की वर साय धरते. ती साय दादाच्या वाटीत. मला नियम होता, करणारीने शेवटी खायचं. म्हणजे पातेलं खरवडायचं, मोरीपाशी, उभ्याने.

मग बाबांना घशाचं दुखणं झालं. शेवटी शेवटी त्यांच्या घशाखाली फक्त माझं कस्टर्ड उतरायचं. आई पुडिंग घेऊन खोलीत जायची आणि तसंच परत आणायची. ते तिने मला कधी माफ केलं नाही. बाबा गेल्यावर मी पिशवी भरली तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "जा. पावडर कालवणाऱ्या पैशाला पासरी मिळतात."

घराचा कागद निघाल्यापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. बोलतो तो दादा. ऑपरेशनचं कळवलं तेव्हा त्याचा फोन आला. म्हटलं, चौकशी करतोय. तर म्हणाला, "घर माझ्या नावावर करायच्या कागदावर सही त्याआधी होईल ना गं? नंतर तुझी धावपळ नको."

धावपळ नको म्हणून आत्ताच करते. घर दादाला द्यावं, पण अटीवर. दर रविवारी त्याने स्वतःच्या हाताने कस्टर्ड करावं. वहिनीला कामाला लावलेलं चालणार नाही, तिने बसून खावं. त्याने सगळ्यांना वाढावं आणि शेवटी पातेलं खरवडावं, मोरीपाशी. साय समोरच्या लॉन्ड्रीवालीला द्यावी. मोरीच्या पाण्यावरून आईने जिच्याशी जन्माचं वैर धरलंय, तीच ही. तपासणीही तिनेच करावी. तिला गुठळी दिसली म्हणजे गुठळी आहे, असं समजावं. गुठळी निघाली, किंवा एक रविवार चुकला, की घर लॉन्ड्रीवालीचं. मग आईला राहायचं असल्यास तिने लॉन्ड्रीवालीला विचारून राहावं. विचारताना "ताई" म्हणावं.

सांगितलं नव्हतं असं कोणी म्हणू नये म्हणून कृती देते. पावडर आधी वाटीभर थंड दुधात कालवायची, मग साखर घातलेल्या उकळत्या दुधात धार धरून सोडायची आणि हात थांबवायचा नाही. दादाने एकदा पावडर थेट उकळत्या दुधात टाकली होती. जेवायला आलेला सुतार वाटीत बघून म्हणाला, "काकू, जेवण झाल्यावर या गोट्या खेळायच्या का?" सगळे हसले. दादा म्हणाला, "भिंगरीने केलंय." आई तेव्हा चुलीपाशीच होती, तिने सगळं पाहिलं होतं. तरी तापलेला डाव माझ्या मनगटावर बसला. डाग अजून आहे. ओळख पटवायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

कलम चार. आईला मी काही ठेवत नाही.

शिवणवालीने हे वाचून चष्मा काढला. "मेल्यावर पण एवढं?"

"जिवंतपणी जमलं नाही ना."

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, त्यात कोणी काना-मात्रा बदलू नये.

सही: भिंगरी

साक्षीदार: १. दिवसपाळीची नर्स २. वॉर्डात चहा देणारी मावशी (अंगठा)

ठिकाण: बायकांचा वॉर्ड, खिडकीकडची खाट

तारीख: ऑपरेशनचा दिवस, सकाळ

ताजा कलम. शाई वाळायच्या आत नर्स परत आली. बाहेर माझी आई आलीय. एकटी. हातात झाकलेलं पातेलं आहे. निरोप पाठवलाय, "आयुष्यात पहिल्यांदा केलंय. गुठळ्या झाल्यात. साय तेवढी काढलेली नाही, तिच्यासाठी ठेवलीय."

मला सकाळपासून पाणीसुद्धा बंद आहे. नर्स विचारतेय, आत सोडू का?

मी सांगितलं, बाहेरच बसू दे. पातेलं मांडीवर धरून बसू दे. मी शुद्धीवर आले तर आधी मी खाईन, साय माझी. नाही आले तर नियम तिला ठाऊक आहे, करणारीने शेवटी खायचं. मोरी डाव्या हाताला आहे.