बोटानं लिहायची पाटी

गुरुवार, दिवेलागण

सगळ्यात आधी जाऊ टपकली, चहाच्या वासावर. मागनं नात सुमी आन् नातजावई, भोसरीहून. गुरुवारी त्यांच्या कंपनीला सुट्टी. सुमीनं माझ्यासाठी कंप्युटर आणलेला, वहीएवढा, पिशवीत मावणारा, बोटानं चालणारा. जावई म्हणाला, "आजींना झेपायचं नाही, परत नेऊ."

मी बोटानं माझं नाव लिहिलं, 'यमुना'. काना चुकला, म्हणून शाळेतल्या पाटीसारखी थुंकी लावून पुसलं, तर पडदा पिसाळला. जाऊ म्हणाली, "उष्टं केलंस की गं त्याला."

ओलं बोट चालत न्हाई आन् चार्जिंग भरभर उतरतं, एवढीच खोड. हलका मात्र फुलावानी. बोट पदराला पुसलं, परत लिहिलं. यमुना. जावई हसला, ठेवून गेला.

आता त्याचंच नाव गिरवते, ज्ञानेश्वर. तो ज्ञ लई अवघड हाय. येत्या गुरुवारी परत येतो म्हणालेत.