तिग्रेस यादीत का नव्हती

लोझान, मंगळवार

आदरणीय आरिस्तिद काका,

मार्त काकूंचा गुडघा, तुमचा खोकला आणि गोठ्यातल्या साऱ्याजणी ठीक आहेत ना? मी इथं खुशाल आहे, तुमचा अबोला सोडला तर.

रविवारी राणीगायींच्या झुंजीला तुमची तिग्रेस अंगावर नंबर रंगवून मैदानात उभी आणि यादीत तिचं नावच नाही, हा अपराध माझा. (सगळ्या गावासमोर तुम्ही मला "शिकलेली!" म्हणालात. घरातली पहिली पदवीधर म्हणून हाच शब्द तुम्ही इतकी वर्षं कौतुकानं वापरत होता.) पण घडलं कसं ते ऐका. झुंजीची यादी मी माझ्या प्रोग्रामकडून करून घेत होते. तो स्वतःच दुसरा प्रोग्राम लिहितो, आणि आमची प्रोग्रामिंगची भाषा त्या दुसऱ्याला चालू होण्याआधीच तपासून घेते. तुम्ही कुरणावर जाताना तुमच्या गड्याला, मोरीसला, चिठ्ठी ठेवता ना, "निघेल त्या दुधाचं चीज कर"? चिठ्ठी आजची, दूध उद्याचं. आज चिठ्ठी लिहितानाच उद्याचं दूध मोजायला गेलं, तर आमची भाषा हातातलं पेनच काढून घेते. मी नेमकं तेच करत होते. गायींचे वजनी गट आधीच पाडत होते. बाकीच्यांनी अर्जात अंदाजे वजन लिहिलं होतं. तुम्ही लिहिलंत, "त्या दिवशी काट्यावर भरेल ते."

तीन दिवस प्रोग्राम अडून बसला. झुंजीच्या समितीच्या प्राझबाई म्हणाल्या, "अगं पोरी, पेन्सिलीनं लिही की!" त्यांना मी अचूकतेवर व्याख्यान दिलं. मग नुसतं पाहावं म्हणून तिग्रेसचं नाव काढलं, आणि एकही चूक निघाली नाही! त्या आनंदात यादी छापून मोकळी झाले. (प्रोग्राम निर्दोष होता, काका. फक्त गाय नव्हती.)

शेवटी प्राझबाईंनी पेन्सिलीनंच नाव घातलं, आणि तिग्रेसनं गेल्या वर्षीच्या राणीला अशी मागे रेटली की ओरडून माझा घसा बसला. तुम्ही माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीत.

आता सगळं दुरुस्त केलंय. प्रोग्राम वजनाची जागा रिकामी ठेवतो, आणि तिथं आकड्याशिवाय काही बसणार नाही याची हमी आधीच देतो.

तुमची (अजूनही शिकतच असलेली)
नोएमी

ता.क. शुक्रवारी दोन वाजता माझ्या पीएचडीच्या परीक्षकांपुढे मी हेच दाखवणार आहे. नंतरचं वाईन-चीज घरच्यांनी आणायची इथं पद्धत आहे. चीजचं अर्धं चाक पुरेल. (प्राझबाईंनाही बोलावलंय. पेन्सिलीसकट.)

ता.क. २. चीज विसरलात तरी चालेल. पण तिग्रेसचं शुक्रवार सकाळचं वजन तुम्ही स्वतः येऊन सांगायचं आहे, फोनवर घेणार नाही. प्रोग्राममधली जागा आणि पहिल्या रांगेतली खुर्ची, दोन्ही तोवर रिकाम्याच राहतील.