पिठाचा हात

बाबा, रागावून लिहायला बसले आहे, म्हणून ख्यालीखुशाली काही विचारत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्यापेक्षा वयानं मोठी झाले. तरी इथं सांगलीच्या ख्रिस्ती देवळात रविवारी सकाळी शब्बाथ शाळेची मुलं पुढ्यात बसली की माझ्या तोंडून तुम्हीच बोलता. तोच देवाचा कोकरा, तीच वाक्यं, आणि नेमक्या त्याच जागी आवाज जड होणं. मला आता त्याचा वैताग आलाय.

शिकवायचात मात्र झकास, हेच जास्त डोक्यात जातं. वडूजच्या बाजूचं आपलं ते पत्र्याचं देऊळ. आपल्या ख्रिस्ती घरांची मुलं तर असायचीच, शिवाय शेवटी मिळणाऱ्या चिरमुऱ्यांच्या आशेनं मेंढपाळांचीही दोनचार यायची. पूर्वी देवाला वाहायचा कोकरा कळपातला सगळ्यात चांगला लागायचा, लंगडा नको, आंधळा नको, असं तुम्ही सांगताय आणि ती मेंढपाळांची पोरं जाणकारासारखी माना डोलवतायत. एकदा त्यातली एक चिमुरडी उठली. "पर गुरुजी, त्या कोकरानं काय केलंतं?" सगळे हसले, तुम्ही नाही. म्हणालात, "काहीच केलं नव्हतं. चूक आपली, शिक्षा त्यानं घेतली. येशूनं तेच केलं. म्हणून देव आपल्याला माफ करतो आणि म्हणून आपणही दुसऱ्याला माफ करायचं." बसलेल्या प्रत्येकाला ते कळलं. मलाही कळलं होतं, आपल्या स्वयंपाकघरातला तो शनिवार येईपर्यंत.

महिन्यातून एकदा साताऱ्याहून पाद्री यायचे आणि प्रभुभोजन व्हायचं, येशूच्या आठवणीत मोडलेली भाकर सगळ्यांनी खायची. मनात राग ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नसतो, म्हणून आदल्या दिवशी तुमची समेटाची फेरी निघायची. कुणाकुणाचं बिनसलंय ते हुडकून तुम्ही त्यांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचात. गावात तुमचं कौतुक होतं त्यासाठी. त्या महिन्यात आपल्याच घरात बिनसलं होतं. बारशाच्या पंगतीत वाढायला उशीर झाला, आईनं उलट उत्तर दिलं, म्हणून तुमच्या थोरल्या भावानं तिला सगळ्या पाहुण्यांसमोर थोबाडीत मारली. भावजयीला, बाबा. तुम्ही पानावर बसला होतात. उठला नाहीत.

आणि शनिवारी त्यांना घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. आई भाकरी थापतेय. काका भिंतीकडं बघत म्हणतात, "झालं गेलं. किती दिस धरून बसायचं?" तुम्ही म्हणता, "हात दे त्यांना. उद्या प्रभुभोजन आहे." मी चुलीपाशी बसलेय आणि मनातल्या मनात म्हणतेय, देऊ नकोस, देऊ नकोस. आईनं पिठाचाच हात पुढं केला. "व्हय, केलं माफ. आता बाजूला व्हा, भाकरी करपाय लागलीया." तुमच्या चेहऱ्यावर किती समाधान होतं. दुसऱ्या दिवशी भाकरीचं ताट घेऊन रांगांमधून तुम्हीच फिरत होतात. आईसमोर आलात. तिनं मांडीवरचे हात उचलले नाहीत. तुम्ही जरासे थांबलात आणि पुढं सरकलात. त्यानंतर तिनं प्रभुभोजन कधीच घेतलं नाही, शेवटपर्यंत. तिला एकदाही का विचारलं नाहीत? अख्ख्या गावाच्या मनातले राग तुम्हाला दिसायचे.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, चौथीतली, बोलकी. तिचा बाप तिच्या आईला पट्ट्यानं मारायचा. आई तिला घेऊन माहेरी आली. आता बाप देवळात येऊन रडतोय, गुडघे टेकतोय, आणि आमच्या देवळाच्या पंचांनी ठरवलंय की ईस्टरच्या आत समेट करायचा आणि मायलेकींना परत पाठवायचं. पंचांचे मुख्य निवृत्त सुभेदार आहेत, आपल्या वडूजकडचेच. मला म्हणाले, "बाई, तिची आई तयार हाय, पोरगीच आडून बसलीया. तुमचं लय ऐकती ती. जरा क्षमेचा धडा घ्या की." मी गेल्या रविवारी घेतला. तुमचाच कोकरा. चूक आपली, शिक्षा त्यानं घेतली, इथपर्यंत आले आणि तिनं हात वर केला.

"बाई, येशूनं सगळ्यांची शिक्षा घेतली ना? मग माझ्या आईनं कुणाची घेतली?"

वर्गात कुणी हसलं नाही. मी तुमचं उत्तर शोधत होते आणि तुमच्याकडं ते नव्हतंच. तुम्ही आम्हाला कोकऱ्याबद्दल शिकवलंत आणि मार खाणाऱ्या माणसाला कोकरा करून टाकलंत. ज्यानं मारलं त्याच्याकडून काहीच मागितलं नाहीत, जिनं मार खाल्ला तिलाच हात पुढं करायला सांगितलंत. येशू स्वतःहून गेला होता, बाबा. आईला कोकऱ्याच्या जागी तुम्ही उभं केलंत.

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही." ती म्हणाली, "मग मी पप्पांना हात देऊ का नको?" मी म्हटलं, "नको देऊस. आतून कधी वाटलं तर दे. नाही वाटलं तर देव तुझ्यावर रागवत नाही." नंतर बाहेर आल्यावर सुभेदारांनाही सांगितलं की हा समेट मी करणार नाही, आणि पंचांनी केला तर तिथंच उठून बोलेन. ते म्हणाले, "तुमच्या वडलांनी जल्मभर लोकं जोडली, आन तुमी हे असलं शिकवताय व्हय?" वर्ग कदाचित माझ्याकडून काढून घेतील. तिची आई मात्र अजून माहेरीच आहे. परवा बाजारात भेटली, नुसतं माझं मनगट धरून उभी राहिली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. तुम्ही जिवंत असतात आणि त्या रविवारी मागच्या बाकावर बसून ऐकत असतात, तर मी त्या पोरीला हात द्यायला लावला असता.