डॉक्टर काळे आणि त्यांची स्वयंपाकीण

पार्सिपनी, न्यू जर्सी, ऑगस्ट १९८४

सुमनकाकू,

तीन आठवडे हे पत्र टाळतोय. ग्लेनॉर्ग गावाच्या इतिहासाचं ते हिरवं पुस्तक मात्र सोमवारी पोस्टाने तुला पाठवलं, तू बहिणीकडे राहायला गेलीयस तिथे, टेक्ससमध्ये शुगर लँडला. आत साधी चिठ्ठीही घातली नाही. भित्रेपणा, दुसरं काय!

येईल त्या पाहुण्याला नरेंद्रकाका ते वाचून दाखवायचा. स्कॉटलंडच्या डोंगरातलं चाळीस घरांचं गाव, पण कुठल्या साली किती बर्फ पडला, पाद्रीबाबांचं कुत्रं कधी मेलं, सगळं लिहिलंय. कुत्रं मोठं झकास होतं, फोटो आहे. ते जाऊ दे. 'आमचे डॉक्टर काळे' म्हणून काकाचाही फोटो आहे. त्याखालची ओळ तो गाळायचा. तिथे तुझ्याबद्दल छापलंय, 'त्यांची स्वयंपाकीण'.

विचारलं तर हसला. "अरे, ती मला नावाने कुठे हाक मारते? चारचौघांत 'डॉक्टर' म्हणायची, जेवायची माझ्यानंतर. गावकऱ्यांचा झाला गैरसमज. म्हटलं, कशाला समजावत बसा!"

नऊ वर्षं काढलीत तुम्ही त्या गावात, काकू! बर्फातून त्याची बॅग उचलून तू बाळंतिणींकडे जायचीस. शिसारी आली मला. दोन कॉलेजं सोडून मी त्याच्याच बेसमेंटमध्ये पडलोय, त्याचंच खातोय, म्हणून स्वतःचीही आली.

तुझा,
श्रीरंग

ता. क. बाहेर टॅक्सी थांबलीय. तू तर पुढच्या महिन्यात येणार होतीस! तुझ्या हातात ते हिरवं पुस्तक आहे, आणि दारातूनच तुझी हाक ऐकू येतेय, "नरेंद्र, खाली ये!"