आमिषाला हात लावणार नाही

३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी
आजपासून ठरलं. आमिष बंद. तसं मी ते कधी वापरलं नव्हतंच, पण आता तत्त्व म्हणून बंद.

कारण फ्रीझर. बर्फाचा ट्रे काढायला हात घातला आणि हातात सासऱ्यांची आमिषाच्या माकुळाची, म्हणजे स्क्विडची, पिशवी आली. गोठलेले पाय, गोठलेले डोळे, सगळे माझ्याकडे बघतायत. सासरे म्हणाले, जरा जपून, थोरल्यासाठी ठेवलंय. थोरला म्हणजे खडकाच्या टोकाशी फिरणारा तो मोठा मासा, ज्याने गेल्या हंगामात त्यांची दोरी तोडली. तेव्हापासून ते त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. माझ्याबद्दल बोलत नाहीत तसं.

मी डेंटिस्ट आहे. चावणं हा माझा विषय. माझी थिअरी अशी: मोठा मासा भुकेने चावत नाही, रागाने चावतो. त्याच्या हद्दीत एखादा चकचकीत नकली मासा वळवळत शिरला की त्याचं टाळकं सरकतं. म्हणून ल्युअर. स्वच्छ, बिनवासाचं, शास्त्रीय. हे सासऱ्यांना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, जावईबापू, तुम्ही कधी रागाने जेवलायत का? बायको हसली. तिला हसायला फार कमी लागतं.

हंगाम संपला की सासरे मेव्हण्याकडे राहायला जाणार. खांदा दुखतो, तिकडे डॉक्टर चांगले आहेत म्हणे. समुद्र मात्र नाही. बायकोचं म्हणणं, जायच्या आधी अप्पांना तो मासा मिळू दे. माझं म्हणणं, मिळेल. मी धरेन, ते बघतील.

५ ऑक्टोबर, मंगळवार
दुकानातली ल्युअर्स बघितली. बाजारू. स्वतः बनवणार. क्लिनिकमध्ये सगळं आहे: प्लास्टर, साचे, पॉलिशचं मशीन, कवळ्यांचं गुलाबी ॲक्रेलिक.

संध्याकाळपर्यंत पहिलं तयार. देखणं झालंय. असिस्टंट म्हणाली, सर, हिरड्यांसारखं दिसतंय. तिला मासेमारीतलं काही कळत नाही. सासऱ्यांना दाखवलं. बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं आणि विचारलं, हे हसतंय का?

१० ऑक्टोबर, रविवार. दुपारी
पहिली मोहीम. लाटा छान, वारा पाठीशी. माझी फेक अप्रतिम. ल्युअर इतकं लांब गेलं की परत आलंच नाही. गाठ सुटली. गाठ हा तांत्रिक भाग झाला, थिअरीशी त्याचा संबंध नाही.

सासऱ्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या माकुळावर दोन मध्यम मासे काढले. रात्री जेवणात तेच होते. मी खाल्ले. चार घास जास्तच गेले.

१२ ऑक्टोबर, मंगळवार
मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या. निवृत्त आहेत, पण आवाज अजून शाळेत आहे. वरची कवळी कधी मिळणार विचारत होत्या. असिस्टंटने सांगून टाकलं, मटेरियल संपलंय. सांगायची काय गरज होती? बाई म्हणाल्या, महिनाभर पेज पितेय, आणखी किती प्यायची तेवढं सांगा. पुढच्या आठवड्यात नक्की म्हणालो. खिशात ल्युअर नंबर तीन होतं. जरा टोचत होतं.

१७ ऑक्टोबर, रविवार
मोठी प्रगती. ल्युअर ओढून आणताना मागे एक काळी सावली आली. थोरलाच. शंभर टक्के. सासरे म्हणाले, ढगाची असेल. वर बघितलं तर ढग होता हे खरं, पण दोन्ही असू शकतात.

बाकी दिवसभर शेवाळ. शेवाळाला राग येत नाही, हा थिअरीचा दोष नव्हे.

परत येताना सासऱ्यांनी त्यांचा रॉड उचलायला माझ्याकडे दिला. खांदा फार दुखतोय. घरी आल्यावर खिडकीशी बसून राहिले. बायको म्हणाली, एकदा त्यांच्याजवळ बस, बोल. गेलो. ल्युअरच्या वेगाबद्दल बोललो.

२१ ऑक्टोबर, गुरुवार
दुकानदाराने ल्युअरला लावायचं तेल दिलं. माशांना आवडणारा वास आहे त्याला. मी आधी नको म्हणालो. मग नीट विचार केला. वास म्हणजे आमिष नव्हे. अत्तर लावलेला माणूस म्हणजे काही जेवण नव्हे.

२४ ऑक्टोबर, रविवार
तेलाचा परिणाम जबरदस्त. समुद्रात नाही, पण परत येताना गल्लीतली तीन मांजरं दारापर्यंत सोबत आली. एकाने ल्युअरची शेपटी चावली. रागाने. थिअरी निम्मी सिद्ध.

गाडीच्या सीटला वास लागलाय. बायको म्हणाली, आमिषाचा वास नको म्हणून ल्युअर आणलंस ना? मी सविस्तर उत्तर दिलं. ते संपेपर्यंत ती थांबली नाही.

२८ ऑक्टोबर, गुरुवार
बायको आंघोळीला गेली असताना फ्रीझरमधून माकुळाची एक पट्टी काढली. अगदी बारीक. ल्युअरच्या गळाला मागे लावायची, झालरीसारखी. ल्युअर ते ल्युअरच. नवरीने गजरा माळला म्हणजे ती फुलबाग होत नाही.

३१ ऑक्टोबर, रविवार
झटका! हाताला झटका बसला! रॉड वाकला. ओढून बघतो तर माकूळ साफ, ल्युअर जसंच्या तसं हसतंय. चार वेळा हेच. मासा रागाच्या भरात नेमका माकूळच का खातो, यावर संशोधन व्हायला हवं.

सासरे लांबून विचारत होते, काही लागतंय का? मी ओरडून सांगितलं, ल्युअर चालायला लागलंय. ते उठून उभे राहिले. बरं वाटलं. लग्न झाल्यापासून माझ्यासाठी ते पहिल्यांदाच उभे राहिले असतील.

३ नोव्हेंबर, बुधवार
थोडा सखोल विचार केला. ॲक्रेलिकने वजन उगाच वाढतं. ते काढून टाकलं तर उरतं काय: गळ, शिसं आणि माकूळ. याला मी नैसर्गिक ल्युअर असं नाव दिलंय. बोलताना नुसतं ल्युअर म्हणायला हरकत नाही.

मेव्हण्याचा फोन आला. सोमवारी गाडी घेऊन येतोय. सासऱ्यांची बॅग भरून दाराशी ठेवलीय. येता-जाता पाय अडखळतो.

६ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी
उद्या शेवटचा रविवार. माझाही शेवटचा चान्स. माकुळाची उरलेली पिशवी माझ्या डब्यात हलवली. सगळी. मोठ्या माशाला अर्धवट माल दाखवण्यात अर्थ नाही. तसंही सासऱ्यांचा खांदा दुखतोय, त्यांना फेकवणार आहे कुठे?

मनाला काही लागलेलं नाही. लागलं असतं तर लिहिलं असतं.

७ नोव्हेंबर, रविवार. दुपारी
नीट लिहायला हवं.

पहाटे सासऱ्यांनी फ्रीझर उघडला. सगळे कप्पे चाचपून बघितले. बायकोने विचारलं, काय झालं अप्पा? ते म्हणाले, माकूळ संपलंय वाटतं. मीच वापरलं असेल. हल्ली लक्षात राहत नाही माझ्या.

मी बूट घालत होतो. बुटांच्या नाड्यांना फार वेळ लागला.

आम्ही तिघेही गेलो. मी खडकाच्या पलीकडे उभा राहिलो, गळाला काय आहे ते कुणाला दिसू नये म्हणून. सासरे त्यांचा रॉड वाळूत रोवून रिकाम्या हातांनी खुर्चीत. थोड्या वेळाने वाळूतून हळूहळू माझ्याकडे आले. मी डब्यावर जॅकेट टाकलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमचं ते हसरं ल्युअर आहे का एखादं? नुसता बसून काय करू? शेवटचा दिवस आहे."

नंबर तीन खिशात होतं. दिलं. त्याने काही होणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. मला, म्हणजे ज्याने ते बनवलं त्याला.

त्यांनी खांदा सांभाळत बाजूने फेकलं. जवळच पडलं, फेसाच्या कडेला. तिसऱ्या-चौथ्या फेकीला रीळ किंचाळलं. रॉड असा वाकला की सासरे दोन पावलं पाण्यात ओढले गेले. मी माझा रॉड वाळूत टाकून धावलो आणि त्यांना मागून कमरेला धरलं. खांद्यातून कळा येत होत्या त्यांना, मला हाताला कळत होतं. सोडा म्हणालो. ते सोडेनात. किती वेळ गेला कोण जाणे. दोघेही कमरेपर्यंत भिजलो. शेवटी बायको लाटेत घुसली आणि मासा मिठीत घेऊन बाहेर आली. तिच्या मिठीत तो मावत नव्हता. ओठात गुलाबी ल्युअर अडकलेलं.

सासरे वाळूत बसले. हसत होते की रडत होते कळेना. मी पण त्यांच्या शेजारी बसलो. मग त्यांनी माझा हात धरला.

"बघा कसा चिडलाय," ते म्हणाले. "तुमचं खरं होतं. मी उगाच हसलो तुम्हाला."

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तसं काही नाही."

त्यांनी माझा हात सोडला. मग स्वतःच्या बोटांचा वास घेतला, माझ्या हाताकडे बघितलं, आणि समुद्राकडे बघत बसले.

माझ्या गळाचं माकूळ खेकड्यांनी खाल्लं होतं.

८ नोव्हेंबर, सोमवार
मेव्हणा आला. सासरे दारातच त्याला म्हणाले, कालचा काही थोरला नव्हता, धाकटा असेल त्याचा. थोरला अजून तिथेच आहे. मी येत नाही. खांदा इथे दाखवू. मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे त्यांना. मनापासून म्हटलं, हे इथे लिहून ठेवतो. बायकोने बॅग आत नेली. आत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, खूप दिवसांनी.

मुख्याध्यापिकाबाईंची कवळी आज सकाळीच बसवली. त्यांनी बिस्किट मागवून जागच्या जागी खाऊन बघितलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी जाहीर केलं, आता माकूळ बंद. घरात वास नको. फ्रीझर त्यांनी स्वतः धुतला. येत्या रविवारपासून मी त्यांना ल्युअर शिकवायचं, अगदी पहिल्यापासून. शब्द दिलाय.

म्हणजे सगळं माझ्या मनासारखं झालं. आमिष हरलं, ल्युअर जिंकलं, थिअरी सिद्ध झाली. एकच किरकोळ अडचण आहे. ल्युअरने मासा कसा धरतात, हे मला माहीत नाही. आणि घरातल्या ज्या एका माणसाने तो धरलाय, त्यालाच मी शिकवणार आहे.